कारणाचा रकाना

फॉर्म दिल्लीहून आलाय, चार पानी.
डावा की उजवा. वय. धंदा. कशानं लागलं.
कारणाला एक ते नऊ आकडे.
मी अर्धं कन्नडमध्ये विचारतो, मराठीत ऐकतो,
आकड्यात लिहितो.

उद्यमबागेतला सुभान मुजावर
लेथवरची किसणी डोळ्यात घेऊन आला.
चष्मा होता की वो, म्हणाला, खिशात.
काचेला घाम धरतोय.
चिमट्याच्या टोकावर ती ठिणगी
विझून काळी झालेली, तिळाएवढी.
कापसावर ठेवली तर त्यानं मागून घेतली,
कागदाच्या पुडीत. मालकाला दाखवायला.
दोन लिहिलं.

हलगेकरांच्या नातवानं चुन्याची पुडी दाबली,
दोन्ही हातांनी, फुटेपर्यंत.
पाणी मारायचं कुणाला सुचलं नाही.
तूप सुचलं.
मग बस चुकली.
आजोबा वऱ्हांड्यात संध्याकाळपर्यंत बसून,
मांडीवर चंची,
न उघडता.

वर्षभर लिहीत गेलं की वीण दिसायला लागते:
कारखान्याची चिमणी पेटली की उसाची पानं,
परीक्षा संपल्या की विटी,
पुरुष जास्त, गावाकडचे जास्त,
आणि सगळ्यांत जास्त ते,
जे तिसऱ्या दिवशी येतात.
आठ हा आकडा मात्र लागतच नाही.
आठ म्हणजे मारहाण.

वैजयंती गुंजीकर, अठ्ठावीस,
जांबोटीच्या वरच्या अंगानं आलेली.
उजवा. उसाचं पान लागलं, म्हणाली.
म्हणजे आधी तो म्हणाला, दारातून,
हातात तिची पाण्याची बाटली,
मग ती म्हणाली.

पान चिरतं, लांबट, बारीक.
इथं बुबुळापुढं रक्त साठलेलं,
तळाला, वाटीत बसावं तसं.
आणि जांबोटीवर भात आहे, काजू आहे,
गव्यांचं रान आहे.
ऊस बघायचा तर घाट उतरून यावं लागतं.

पट्टी बांधताना त्याला मी औषधाच्या खिडकीवर धाडला.
रांग मोठी होती.
परत विचारलं, हळू.
तिनं चांगल्या डोळ्यानं आधी दार बघितलं,
मग माझं पेन.
लिव्हा की, पान.
घरी पोरगी आहे.

पेन आठवर होतं.
टेकलेलंही होतं थोडं, शाईचा ठिपका आहे अजून
माझ्याकडच्या प्रतीत.

एक लिहिलं. शेती.

पुढल्या वर्षी अहवाल आला, गुळगुळीत कागद,
रंगीत गोल, देशाचा.
हिरवी फोड सगळ्यांत मोठी: शेतीकाम.
साहेब म्हणाले, आपलाही वाटा आहे यात.

आहे.
त्या हिरव्यात उसाचं एक पान आहे,
ऊस होत नाही तिथलं.
मी लावलेलं.