आठ टिंबं

गोळीबार चौकामागची गल्ली, मे महिना, सत्तेचाळीस अंश,
आणि हेमराज पौनीकर कूलर बंद करतात.
"मोटरची खरखर अन् इर्कुत्स्क
एका कानात मावत नाई."

मग व्हॉल्व्ह पेटतात,
आधी विडीच्या टोकाएवढे,
मग काचेत कोणी जागं झाल्यासारखे.
तापलेल्या धुळीचा वास. मेणाचा वास.
रिसीव्हर कामठीच्या लिलावातला,
सायकलच्या कॅरिअरला धोतराने बांधून आणलेला.
धोतर वडिलांचं होतं, आणि त्यांना न विचारता.

वडिलांचा माग याच खोलीत होता.
पाय सोडायचा खड्डा बुजला, वर शहाबादी आली,
पण टेबल मांडलंय ते नेमकं खड्ड्यावर.
"धोटा इकून तिकडं: कड.
तिकून इकडं: कट्ट.
तारघरात मले नवीन काय शिकवणार होते?"

मी त्यांची विद्यार्थिनी, वय एकेचाळीस.
दिवसभर पतसंस्थेत नोटा मोजते,
संध्याकाळी इथे येऊन टिंबं मोजते
आणि मिनिटाला बारा शब्दांवर ठेचकाळते.
ते चाळीस घेत, कागद न घेता, डोळे मिटून, शेंगा फोडत.
"मोजून राहिली का तू?
मायनं हाक मारली
त अक्षरं मोजतं का कोणी?"

पितळी बग. आडवी पट्टी, तिच्यावर सरकतं वजन.
एकीकडे दाबलं की टिंबं आपोआप झरतात,
दुसरीकडे रेघा. त्या एकेक, हातानंच.
"फुकट तेवढी टिंबं," म्हणायचे.
"रेघ ज्याची त्यानं ओढाव."

डिसेंबरात उजवा हात गेला.
चार महिने डाव्याला शिकवत बसले,
अंगठ्याचं काम तर्जनीला, तर्जनीचं अंगठ्याला.
भाकर अजून सांडते त्या हातून.

आज वीस मीटर उघडलं सातच्या सुमारास.
ग्लेब आला, इर्कुत्स्कचा दंतवैद्य,
एकतीस वर्षांची ओळख, चेहरा माहीत नाही.
दोन ओळी त्यानं ऐकल्या. थांबला.
विचारलं: बगवर कोण आहे?
मीच, पौनीकरांनी कळवलं. हात नवा.

आणि ग्लेबनं वेग उतरवला.
अठरा, पंधरा,
शब्दाशब्दात अंगण सोडून.
मला सगळं कळत होतं!
तब्येत, औषध, बैकाळचा बर्फ,
भराभरा लिहीत सुटले मी पाठकोऱ्या पावतीवर.
वर पाहिलं तर त्यांचा चेहरा
वीज गेल्यासारखा.
"पेशंटसंग बोलतेत तसा बोलून राहिला थो."

वजन आत सरकवलं त्यांनी, पार आत,
आणि चाळीसनं सुटले.
चूक. आठ टिंबं. म्हणजे खोडलं, पुन्हा.
चूक. आठ टिंबं.
गच्चीवरची तार, कडुनिंबाला बांधलेली,
तेवढीच नीट उभी होती.
घाम कोपरावरून टेबलावर.
मी पाणी पुढे केलं, त्यांनी पाहिलंही नाही.

मग नुसती सळसळ.
वादळ कुठेतरी बैतूलकडे असावं.

ग्लेब परतला तो चाळीसनं.
मला काही लागेना, पत्र्यावर वाळू ओतल्यागत.
फक्त मध्येच एकदा, स्वच्छ,
आठ टिंबं.
तेवढी मला येतात ओळखता.
एकतीस वर्षांत त्या हातून चूक झाली नव्हती,
हे मला पौनीकरांनीच सांगितलेलं.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते एका हातानं शेंग फोडायच्या खटपटीत.

शेवटी दोघांचं त्र्याहत्तर, निरोपाचं.
दोन रेघा तीन टिंबं,
तीन टिंबं दोन रेघा.
कुठूनही वाचा, तेच.
याच खोलीत, याच जागी
लुगड्याचे दोन काठ असेच जुळवत
एक माणूस बसायचा, गुडघ्याएवढ्या खड्ड्यात पाय सोडून.

व्हॉल्व्ह विझले, पण काच बराच वेळ गरम राहिली.
"लाव वं कूलर," म्हणाले,
"मरून राहिलो उकाड्यानं."