काठावर

अर्ज क्रमांक दोनशे सहा.
मरीट श्टाइनवांड, वय सव्वीस,
लॉ स्कूलला प्रवेश पक्का,
पैशांचं अजून काही नाही.

नियम सातवा मला झोपेतही म्हणता येतो:
अर्जदाराने या राज्यात सलग
तीनशे पासष्ट दिवस राहिलेलं असावं,
आणि हे राहणं शिकण्याच्या हेतूने नसावं.
अठरा वर्षं या टेबलावर आहे मी.
हेतू तपासायचं यंत्र अजून कुणी दिलेलं नाही.

सोबत जोडलेले कागद:
विजेची बिलं,
साखर कारखान्याच्या पगारचिठ्ठ्या,
एकीवर बीटच्या चिखलाचा अंगठा,
वाचनालयाचं कार्ड,
आणि गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायचा परवाना.
त्यावर छापलंय, दर: रहिवासी.
म्हणजे माशांपुरती तरी ती इथलीच.

मग एप्रिल येतो.
आमची रेड नदी उत्तरेकडे वाहते.
इथे वितळलेलं पाणी
पुढे अजून न वितळलेल्या बर्फावर जाऊन थडकतं
आणि मागे फिरतं, थेट तळघरांत.
मरीट तळघरात राहायची, तेवढंच भाडं झेपायचं.
तिसरी पायरी बुडाली तेव्हा
गादी तिथंच सोडून
ती पुलापलीकडे गेली, मावशीच्या सोफ्यावर.
सत्तेचाळीस रात्री.
पूल ओलांडला की मिनेसोटा.
चालत चार मिनिटं. वारा असेल तर सहा.

आणि पोस्टात जाऊन तिनं पत्ता बदलला.
खरा पत्ता दिला.
दिला नसता तर मला कळलंही नसतं.

पुराआधीचे दिवस दोनशे एक,
नंतरचे तीनशे चार.
बेरीज पाचशेच्या वर जाते,
पण नियमात बेरीज नाही, सलग आहे.
काठावर पास होणारे पुष्कळ पाहिले;
ही काठावरच नापास.

तिचं पत्र चार ओळींचं:
"मॅडम, त्या सत्तेचाळीसपैकी बारा दिवस
मी तुमच्या काठावर वाळूच्या पिशव्या भरत होते.
तीन दिवस तुमच्या कोर्टात ज्युरीत होते.
समन्स जोडलं आहे, दुसरी ओळ वाचावी."

वाचली.
"या काउंटीची रहिवासी या नात्याने हजर राहावे,
न राहिल्यास दंड."
बर्फ काढायच्या मशीनची चोरी, एक घाबरलेला पोरगा,
आणि बाराजणांत ही, ओल्या बुटांनी.
त्याला निर्दोष ठरवताना
राज्याला ती चालली.

रडणारी पत्रं मला ओळखू येतात,
त्यांचा कागदही मऊ लागतो.
हे रडत नाही.
मुद्दा मांडतं आणि खाली बसतं.
ही पोरगी वकील आधीच झालीय,
फक्त फी भरायची राहिलीय.

हाउग्लुंडसाहेबांना दाखवलं.
म्हणाले, "आर्डिस, फॉर्ममध्ये पुरासाठी रकाना नाही."
म्हटलं, "आहे की. 'इतर'."
ते चष्मा पुसत राहिले.

साडेपाचला मी कुलूप लावते
आणि तोच पूल ओलांडते.
हॅरल्ड गेल्यावर घर पलीकडे घेतलं,
कर थोडा कमी, आणि खिडकीतून नदी.
इतकी वर्षं दुसऱ्यांचं राहणं मोजतेय,
माझं कुणी विचारलं नाही.
पुलाच्या मध्यावर म्हणे रेघ आहे.
काल गाडी हळू केली. दिसली नाही.
मागच्याने हॉर्न दिला.

समितीची बैठक शुक्रवारी.
तिथे मला मत नाही.
मी नुसते कागद लावते,
वर कुठला, खाली कुठला,
एवढंच माझ्या हातात.

बिलं खाली घेतली.
समन्स सगळ्यात वर ठेवून
दुसऱ्या ओळीशी टाचणी लावली.