जोडून राहिलोय

नखानं झाकण उचकटलं की आत सहा खटके,
तिळाएवढे.
एक खाली केला की माईक बहिरा,
दुसरा खाली केला की कॅमेरा आंधळा.
जेल रोडचा शाकिर भिंगातून बघत राहिला,
म्हणाला, पंचवीस वर्षं फोन उघडतोय मॅडम,
कुठून उघडायचं ते स्वतः सांगणारा
हा पहिलाच.

पण झोपतो फार गाढ.
कुणाचा फोन आला की आधी मोडेम उठतं,
ते बाकीच्यांना हलवतं,
स्क्रीन डोळे चोळते,
तोवर समोरचा ठेवून मोकळा.
म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय, दोनदा लावा.
पहिल्यांदा त्याला उठवायला,
दुसऱ्यांदा मला.
वीज मंडळात आमच्या टेबलावर हसतात:
कुरुंदवाडकर बाईंनी दिवाळीचा बोनस घालून
असा फोन घेतला की ज्यावर फोन येत नाही.

खरंय.
रात्री मी जुना लॅपटॉप मांडते,
त्याची ‘न’ची कळ उडालेली, खालचं रबर दाबावं लागतं,
शेजारी वाटीत लवंगेची शेव,
बोटं पुसायला दुपट्टा.
काळ्या पडद्यावर ओळी धावतात,
मधेच एक लाल होऊन थांबते,
मी ती वाचते, पुन्हा वाचते,
एक स्वल्पविराम सापडतो,
तोवर सराफ्यातली शेवटची कढई उतरलेली असते.

त्याच ओळींत काही मराठीत नव्हत्या.
साडेचारशे. बसले करायला.
नेटवर्क शोधताना ते गोल फिरतं ना,
त्याच्याखाली मी लिहिलं,
‘जोडून राहिलोय’.

चार दिवसांनी पुण्याहून उत्तर,
अतिशय सभ्य.
‘जोडत आहे’ असं हवं.
हे प्रमाण नाही, हिंदीचा प्रभाव दिसतो.

दिसणारच.
आमच्याकडे नळाच्या पाण्याला नर्मदा म्हणतात,
ती एक दिवसाआड येते,
आणि पहाटे साडेपाचला आई जिन्यातून हाक मारते,
ऊठ गं, नर्मदा येऊन राहिली!
‘येत आहे’ म्हटलं
तर ती अजून मंडलेश्वरलाच असते.
‘येऊन राहिली’ म्हटलं
की बादलीच्या बुडाशी वाजते.

शिवाय आमचं कुणीतरी
होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून आलं,
आणि येऊन राहिलं.
माझा आपला समज,
ते क्रियापद तिथंच कुठेतरी घडलं असावं.

भांडले नाही.
त्यांची ओळ मान्य केली;
जळगावच्या, रत्नागिरीच्या माणसाला
माझ्या जिन्यातली हाक कशाला ऐकवायची?
जगाला ‘जोडत आहे’.
मग माझ्या फोनातली फाईल उघडली,
माझी ओळ परत ठेवली,
सगळं नव्यानं बांधायला लावून झोपले.
कुणाला विचारावं लागलं नाही.
इतकी साधी गोष्ट,
पण उशीवर डोकं टेकल्यावरही
ती मला जरा वेळ जागवत राहिली.

सकाळी आईनं इंजिनिअर काकांना लावायला
माझाच फोन घेतला,
चश्मा कपाळावरून खाली ओढला,
गोल फिरताना पाहिलं, खालची ओळ वाचली,
आणि काहीच म्हणाली नाही.
कुणी बरोबर बोललं
की आपण कुठे काही म्हणतो?

बोलणं झाल्यावर फोन परत देताना म्हणाली,
आवाज मात्र घुमून राहिलाय याचा,
विहिरीत बोलल्यासारखा.
बघ काहीतरी.

बघते.
आज नर्मदा नाही,
रात्र मोकळी आहे.