शिक्का

मच्छेची भट्टी विझवली त्या आठवड्यात
ऐरावतचं सगळं सामान एका टेम्पोतून उद्यमबागेत आलं.
सागवानी फर्मे चार, रंगाचे डबे,
शिक्क्यांची पत्र्याची पेटी,
आणि पुढं ड्रायव्हरशेजारी
मांडीवर जेवणाचा डबा धरून भरमाण्णा तळवार.

आम्ही वज्रचे.
बावीस वर्षं गोळाफेकीचे गोळे ओतले
आणि बावीस वर्षं ऐरावतला शिव्या घातल्या.
त्यांचा गोळा म्हणे आतून पोकळ,
आमचा म्हणे हातातून सुटताना अंग चोरतो.
खडेबाजारातला हुंदरे स्पोर्ट्सवाला
दोन्ही गोळे काउंटरवर ठेवून भांडण लावायचा
आणि दोन्ही विकायचा.

मग आमच्या मालकांनी त्यांना विकत घेतलं.
पाव पाव किलो कुंदा वाटला.
ऐरावत बंद करायचा नाही असं ठरलं,
धारवाडकडचे पीटी मास्तर दुसरं नावच घेत नाहीत.
तेव्हा रेती एक, साचा एक,
लाडलमधून पडणारा लाल रस एक.
लेथवरून उतरला की
निळा रंग दिला तर वज्र,
चंदेरी दिला तर ऐरावत,
आणि चंदेरीला पन्नास रुपये जास्त.

शिक्का मी मारायचो.
डावीकडं एक पंच, उजवीकडं एक, हातोडा तोच.
पहिल्या दिवशी हात अडखळला, खोटं कशाला बोलू,
आपल्या पोराला शेजाऱ्याचं आडनाव लावावं तसा.
दुसऱ्या दिवशी नाही अडखळला.

भरमाण्णांना तपासणीवर बसवलं.
ते कन्नडात बोलायचे, मी मराठीत,
काट्यावरचे ग्रॅम दोघांनाही वाचता येत.
कोपऱ्यात त्यांनी एक शहाबादी फरशी
विटेवर टेकवून तिरकी मांडली होती.
कशाला, ते कुणी विचारलं नाही.
दिवाळीच्या सुमारास माझ्या ध्यानात आलं :
प्रत्येक गोळा ते फरशीवरून सोडतात.
सरळ गेला तो माझ्या उजव्या हाताला.
जरा कुठं वळला, केसभर, तो डावीकडं.

म्हणजे उजवा ऐरावत.
म्हणजे डावे आम्ही.

राग आला? आला की.
मालकांकडं जायला निघालो, चार पायऱ्या चढलो, उतरलो.
सांगणार काय होतो?
वळलेल्याचंही वजन पुरं, व्यास पुरा,
कागदावर कसलीच चोरी नव्हती.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला ते चार दिवस गेले,
जाताना ढीग निवडून ठेवून गेले.
मी पंच बदलले.
सरळ चालणाऱ्यांवर वज्र मारलं,
वाकड्यांवर ऐरावत.

त्यातच येळ्ळूरची मालन कुगजी आली,
वडिलांच्या स्कूटरवरून, चार किलोचा गोळा घ्यायला.
ऐरावतच द्या, म्हणाली, दुसऱ्यावर हात बसत नाही.
मी चंदेरी दिला.
गेटजवळ उभी राहून तिनं तो मानेशी धरला,
डोळे मिटून तोलला.
"हाच."
मला हसू आलं. 
मग स्कूटर वळून गेली
आणि दिवसभर काही गोड लागलं नाही.

भरमाण्णा परतले, कपाळभर भंडारा.
पाठवायच्या पेटीतला एक चंदेरी गोळा उचलला,
फरशीवर सोडला.
अर्ध्यापर्यंत नीट गेला,
मग भिंतीकडं.
माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"इदु नंदल्ल," म्हणाले.
हा माझा नव्हे. एवढं कन्नड मला येतं.

कानस घेतली आणि नाव घासायला बसले.
वजन उतरेल, म्हणालो.
उतरू दे, शिसं भरू, अशा अर्थाचं काहीतरी
ते गोळ्याशीच बोलले.
दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला.
पेटीत अजून अडतीस होते.
मी दुसरी कानस शोधायला उठलो.