पहिल्या तासाला अडुसष्ट

दौलतगंजात, पतंगांच्या दुकानावर आमची लॅब.
जिन्याचं शटर सकाळी सातला मी उघडते.
म्हणजे उघडायचे. गेल्या माघापासून
सात वाजता बोटं माझी नसतात,
दहापर्यंत परत मिळतात, एकेक,
गहाण टाकलेल्या भांड्यांसारखी.
शटर आता खालचा इस्रार उघडून देतो
आणि काही विचारत नाही, हे त्याचे उपकार.

पंधरा वर्षं मी लोकांचं रक्त उभं करते:
काळ्या बुचाची बारीक नळी, स्टँडमध्ये ताठ,
आणि घड्याळात एक तास.
लाल खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं,
किती बसलं ते मोजायचं, लिहायचं.
अंगात कुठे आग असेल तर
पेशी एकमेकींना चिकटतात, नाण्यांसारखी चवड होते,
आणि चवड लवकर बुडते.
एकटी पेशी बराच वेळ तरंगत राहते.
माणसांच्या हे उलटं आहे ना?
की नाही.

वन्सं म्हणाल्या, तुझं सगळं मनाचं.
धाकटे दीर छावणीतून फोनवर,
"वहिनी, सोच अच्छी रखिए."
मी चांगला विचार करायला बसले,
मोरीपाशी, भांडी तशीच,
आणि चांगला विचार आला तो असा
की आज कुणी बेल वाजवली नाही.

अंगावर काढलं. आमच्याकडे सगळं अंगावरच काढतात,
ताप, बाळंतपण, सासऱ्यांचा शेवटचा वैशाख.
अंगाला कधी कुणी विचारलं नाही
त्यानं ते नेमकं ठेवलं कुठे.

कुलश्रेष्ठ डॉक्टरीणबाईंनी एकेक पेर दाबलं.
"यहाँ? यहाँ?" आणि त्याच आवाजात,
मान वर न करता, "रोना आता है?"
जणू रडू हाही एक सांधाच, दाबून बघण्याजोगा.
मी म्हटलं, येत नाही, तेच तर.
चवसुद्धा येत नाही.
त्या म्हणाल्या, सुजेची खबर कधीकधी वर डोक्यापर्यंत जाते.
सगळ्यांची जाते असं नाही. तुमची गेली असेल.

टेम्पोत मला हसूच आलं.
तळपायाची आग मस्तकात जाते, हे आपण
आजवर नुसतं रागासाठी वापरलं.
तिथे पोचल्यावर ती करते काय,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
बसून राहते, असं दिसतंय.

मग एका गुरुवारी माझंच रक्त मी उभं केलं.
काढलं कुशवाहांच्या दीक्षानं,
माझ्या बोटांत सिरिंज आता ठरत नाही.
नाव लिहिलं नाही, नुसता बत्तीस नंबर.
बाहेर मे महिना, किल्ल्याचा दगड भाजलेला,
कूलरला खसाचा ओला वास,
आणि नळीत मी खाली जात होते.
कुणी ढकलत नव्हतं.
आळस नव्हता तो, कृतघ्नपणा नव्हता,
वन्संचा शब्द नव्हता, आणि माझाही नव्हता,
जो मी स्वतःला रोज लावत होते.
एक लाल रेघ होती, आणि ती उतरत होती
ओट्यावरून ऊन उतरतं तशी,
बघताना नाही, बघून झाल्यावर.
अडुसष्ट.
रजिस्टरात लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

गोळी सुरू आहे, आठवड्याला एक, पिवळी.
श्रावणात बेचाळीस झालं.
परवा बेडई खाल्ली, तर तिखट लागली,
डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

पण एक विचारायचं राहिलंय बाईंना.
चैत्रात मनुआत्या गेली, मी तिच्या पायाशी
कोरडी बसून होते, लोकांनी बघितलं.
ते कोरडेपण माझं, की रक्ताचं?
रक्ताचं असेल तर तिचं रडणं
अजून माझ्याकडे शिल्लक आहे.
आणि आता जे जरा बरं वाटतंय,
ते तरी कुणाच्या खात्यावर?

आज शटर माझ्या हातानं गुडघ्यापर्यंत वर आलं.
तिथे अडलं.
वाकून आत शिरता आलं असतं.
मी पायरीवर बसले,
इस्रार येईपर्यंत,
हात मांडीवर, उन्हात.