गंजी

दादांच्या दोन गंज्या उरल्या होत्या पेटीत.
दोन्ही सुती, दोन्ही इथल्याच कापसाच्या.
एक मी अंगणात पुरली, तुतीखाली.
दुसरी चौदा नंबरच्या वावरात, वीतभर खोल,
जिथे ते उभे राहायचे.

काम साधं होतं त्यांचं. निशाण धरायचं.
विमान फरगानाच्या बाजूनं खाली यायचं,
पंखांखाली नळ्यांची रांग,
आणि ओळ चुकू नये म्हणून
शेताच्या टोकाला एक माणूस लागायचा.
हैतबॉय कधी चुकला नाही.
विमान डोक्यावरून जाईस्तोवर हात वर,
मग पंचवीस पावलं डावीकडे, पुन्हा हात वर.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या.
आई उंबऱ्यातूनच सांगायची,
आधी पाटावर जा, मग मुलीला घ्या.

त्या भुकटीला गावात दुस्त म्हणत
आणि आमच्या भाषेत मित्राला दोस्त.
अक्षराचा काय तो फरक.
मला वाटे, दादा रोज मित्राकडे जातात.

कीड मेली. हे खरंच आहे, नाकारत नाही.
बोंडं टरारली, जिल्ह्याच्या फलकावर आमचं नाव लागलं.
कीड नसलेलेही मेले,
पण त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं,
त्यांचं सुतक कोण धरणार?
मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ताश्कंदला, काचेखाली:
कोणी काडीसारखे, कोणी मण्यांच्या सरीसारखे,
आणि बुरशीचे ते धागे,
आईच्या सुईतून निघतील त्याहून बारीक.
पुढे एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं:
माती जिवंत असते.
कुठली माती, ते लिहिलं नाही.
तो धडा सप्टेंबरात यायचा.
सप्टेंबरात शाळा कापूस वेचायला जायची.
तो धडा बहुतेक वर्षी राहूनच गेला.

साठ दिवसांनी फावडं घेऊन गेले.
भाचा सोहिबजोन सोबत, मोबाइल काढून,
मावशीला काय झालंय ते टिपायला.

तुतीखालची आधी काढली.
काढली म्हणजे, शिवण निघाली.
नायलॉनचा दोरा तेवढा: एक गळा, दोन काखा,
खालची कड.
मध्ये कापड नाही.
पंगत जेवून उठली होती,
पान चाटूनपुसून.
खड्ड्याला वास होता. माझं नाव मुअत्तर,
म्हणजे सुगंधी, आणि मला तो वास सांगता येत नाही.

वावरातली सबंध निघाली.
झटकली असती तर घालता आली असती.
ज्या मातीनं हा कापूस जन्माला घातला
तिला तो आता गिळत नव्हता.
ताट वाढलेलं, पाटावर कोणी नाही.
खड्ड्यात नाक घातलं. काही नाही.
भिंतीचा येतो तसा काहीतरी कोरडा वास.

आणि मला आनंद झाला.
लाज वाटावी असा. दादांचे खांदे होते त्यात,
डावा थोडा खाली, झेंड्याच्या हाताचा.
माझ्या विज्ञानाला जे प्रेत दिसत होतं
ते मला छातीशी धरावंसं वाटलं,
आणि मी धरलं, आणि सोहिबजोननं मोबाइल खाली केला.

घरी आणून धुतली. दोरीवर घातली.
वारा आला तसे हात वर झाले.
मी आत गेले, चहा केला, प्यायले नाही.
मग चष्मा लावून बाहेर आले
आणि गंजी उजेडात धरली.

डाव्या बगलेखाली, कडेजवळ,
मसुराएवढं.
कडा फाटलेल्या नव्हत्या. मऊ होत्या,
ओलसर दातांनी हळूहळू कुरतडल्यासारख्या.

कसर असेल, सोहिबजोन म्हणाला, पेटीतली, जुनी.

असेल. पण मी मास्तरीण आहे.
पुरण्याआधी वहीत नोंद केली होती,
तारीख घालून, सही करून:
वावरातली गंजी, भोकं सात.

मी पुन्हा मोजली.
मग त्यालाही मोजायला लावली, मोठ्यानं.

आठ.