दहा छर्रे

ऐरोलीच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींखाली
सायकल उताणी.
कॉटर पिन निघेना. लाकडाचा ठोकळा धरून
खलातल्या बत्त्याने दोन घाव घातले,
तिसऱ्याला खालचे मढवी आजोबा खोकले.

उजव्या कपाचे आटे उलटे.
हे विसरून अर्धा तास मी तो आवळतच होते.

आत ग्रीस कसलं, काळी चिक्की.
बाटलीत डिझेल, चहाचं जुनं गाळणं,
धुतलेले छर्रे टॉवेलवर मांडले.
डावीकडचे अकरा.
उजवीकडचे दहा.
टॉवेल झटकला, तुळशीची कुंडी सरकवली,
मोरीची जाळी काढून आत बोट घातलं.
दहाच.

म्हणजे सहा वर्षांपूर्वी रबाळ्याच्या मिस्त्रीनेच
दहा भरले होते,
आणि पुलाच्या चढावर पायडलच्या दर फेरीला
जो 'कट्' वाजायचा
त्यासाठी मी गुडघ्याचा एक्स-रे काढला.

त्याच्याकडेच गेले.
"एकच? सुटा?" म्हणाला.
डबी हलवली, तळहातावर पाव इंची छर्रा ठेवला.
पैसे घेतले नाहीत.
मीही काही बोलले नाही.

रात्री कपात बोटाने पिवळं ग्रीस थापलं,
एकेक छर्रा रुतवला, अकरापर्यंत मोठ्याने मोजत.

सकाळी पुलाचा चढ.
सायकल गप्प.
गुडघा वाजला.